अय्यांना विचारलेला प्रश्न

दसऱ्याच्या आगेमागे, दव सुकून ऊन चढलं की आमच्या रानातून बारीक तडतड ऐकू येते. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगा फुटतात आणि दाणे मातीत उडतात. सुट्टीला घरी आली की माझी मुलगी हा आवाज मोबाइलमध्ये भरून घेते. तिला तो पावसाच्या थेंबांसारखा वाटतो. मला तसं काही वाटत नाही. तो नुकसानीचा आवाज आहे. तो ऐकू यायच्या आत कापणी उरकायची असते. एवढी वर्षं शेती बघून मला कळलेलं शहाणपण म्हणाल तर एवढंच.

तरी या आवाजाबरोबर मला एक सिनेमा आठवतो. दहा-बारा वर्षं झाली असतील. सुगी अशीच होती, फक्त ढग जास्त होते. संतपूरच्या शिवारात सगळ्यांची कापणी एकदमच आली होती. बायका मिळत नव्हत्या, मळणीयंत्र मिळत नव्हतं, आणि मिळालं तेव्हा त्याचा पट्टा तुटला. पट्टा आणायला मी आणि मालक उदगीरला गेलो. दुकानदार जेवायला घरी गेलेला. दोन तास थांबा, म्हणाला शेजारचा. समोर थेटर होतं. उन्हात उभं राहण्यापेक्षा आत बसू, म्हणून गेलो. लग्नानंतर आम्ही दोघं सिनेमाला गेल्याची ती तिसरी वेळ असेल.

सिनेमा हिंदी होता, विनोदी. जहाजावर जन्मलेला, जहाजावरच वाढलेला एक माणूस वादळात पाण्यात पडतो आणि वाहत वाहत एका तीर्थाच्या गावाला लागतो. त्याला देव म्हणजे काय हे माहीत नाही, कारण जहाजावर कुणी सांगितलंच नाही. पोटासाठी तो देवळाच्या दारात चपला सांभाळायचं काम धरतो. तिथं तो बघतो की चपलांना बिल्ला मिळतो, फळीवर जागा मिळते, परत देताना नंबर बघून अदबीनं दिल्या जातात. आणि माणसांना मात्र आत ढकलत नेतात. त्याची खात्री पटते की लोक इतक्या लांबून ज्यांची पूजा करायला येतात त्या या चपलाच. मग तो रोज सकाळी फळीपुढं हात जोडून उभा राहतो. थेटरात लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. मालकांना हसून हसून ठसका लागला.

मग तो विचारायला लागतो. डोकं कामून झाकायचं, डाव्या हातानं कामून द्यायचं नाही, हे कुणी सांगितलं? फुलवाला म्हणतो पुजाऱ्यानं. पुजारी म्हणतो मोठ्या पुजाऱ्यानं. असा तो गावभर फिरतो, देवळातून दर्ग्यात, दर्ग्यातून चर्चमध्ये, आणि शेवटी एक म्हातारा त्यालाच बोट दाखवून म्हणतो, मला तर त्या चपलावाल्यानं सांगितलं. शेवटी एक मोठे बाबा येतात. माइक, छत्री, मागं गाड्यांची रांग. तो त्यांना भर मंडपात तेच विचारतो. बाबांकडे प्रत्येकाचं उत्तर असतं, आणि उत्तर दिल्यागणिक ते जास्त फसत जातात. टाळ्या पडत होत्या. मी मान वळवून बघितलं. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मनगटांना लाल दोरे होते, कपाळांना गंध होतं. माझ्या कपाळावर सकाळचं भस्म होतं आणि गळ्यात लिंग. मीही वाजवत होते.

मला तो सिनेमा आजही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी त्याला दोष देतेय.

सोयाबीन कापणं हे पाठीचं काम आहे आणि हाताचंही. शेंगेचं टोक वाळलं की सुईसारखं होतं. बायका नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर घालतात, हातात फाटके मोजे चढवतात. तरी संध्याकाळी बोटं सुजतात आणि मानेला शेंगांवरची बारीक कूस चावत राहते. मध्ये तुरीच्या ओळी उभ्या असतात, त्यांना विळा लागू द्यायचा नाही. अशा कामात तोंड चालू असलं तर हात चालतात. त्या आठवड्यात तोंड माझं चाललं. मी ओळीत बसून सगळा सिनेमा सांगितला, हावभावांसकट, त्यातली बोलणी माझ्या मोडक्या हिंदीत. बायकांची मुकादम गंगू तो चपलांना नमस्कार करणारा माणूस करून दाखवायची. विळा बाजूला ठेवून, बांधावरच्या चपलांपुढं हात जोडून. मी एरवी कामात वेळ घालवू देत नाही. तेव्हा दिला.

आणि सोमवारी अय्या आले.

सिद्धय्या स्वामी आमच्या घरचे जंगम. आम्हा लिंगायतांत प्रत्येक घराचा एक जंगम ठरलेला असतो. मूल जन्मलं की त्याच्या अंगावर पहिलं लिंग तो बांधतो, लग्नात तो उभा राहतो, आणि माणूस गेलं की मातीला तोच लागतो. बाकी दिवस तो सोमवारी भिक्षेला येतो. अय्या तेव्हा साठीच्या पुढं होते. लहान चण, खांद्याला भगवी झोळी, हातात पितळी घंटा. घंटा ते फार हळू वाजवायचे, झोपलेलं मूल उठू नये अशी. पीठ, ज्वारी, डाळ, जे मिळेल ते घ्यायचे. कुणाच्या घरी काही नसलं तर दारात दोन मिनिटं बसून पाणी पिऊन जायचे. प्रवचन करायचे नाहीत. आमच्या सासूबाईंशी, म्हणजे अव्वाशी, ते कानडीतून बोलायचे. ते बोलणं बहुतेक गुडघेदुखीचं असायचं.

त्या दिवशी अव्वा पाहुण्यांकडे गेलेली, घरी कुणी नाही म्हणून ते भिक्षेला खळ्यावर आले. बायका जेवायला बसल्या होत्या. गंगूनं नुकताच चपलांचा खेळ पुन्हा करून दाखवला होता. सगळ्यांच्या अंगात हसू होतं. मी म्हणाले,

"अय्या, एक इचारू? हे भस्म आडवंच कामून लावायचं?"

"तसंच लावत्यात, अक्का."

"कुणी सांगितलं तुमास्नी?"

"बापानं."

"त्यांस्नी कुणी सांगितलं?"

"त्यांच्या बापानं."

"आन त्यांस्नी?"

गंगू भाकरीचा घास हातात धरून म्हणाली, "वैनी, वर किती बाप हायत ते एकदा मोजून घ्या."

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. अय्याही हसले. त्यांनी खरंच बोटं धरली. पहिलं बोट, दुसरं, तिसरं, चौथं. मग थांबले. आपल्या बोटांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फुढं मला ठाऊक न्हाई."

यावर बायका सर्वांत जास्त हसल्या. मी हसत हसत पाटी घेऊन ज्वारी आणायला गेले. परत आले तर अय्या बांधाच्या पलीकडे पोचले होते. झोळी रिकामीच होती. गंगू म्हणाली, "इसरले वाटतं." मीही तेच धरून चालले. यंत्र यायचं होतं.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. अव्वानं पिठाची वाटी उंबऱ्यावर ठेवली होती, ती दुपारी तिनं परत डब्यात ओतली. मला ते दिसलं.

आमचं लिंग म्हणजे अंगावरचा देव. सकाळी अंघोळ झाली की तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच तोंडात काही घालायचं. ते हरवलं तर नवं अंगावर येईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही. तरुण माणसं आता एवढं पाळत नाहीत. मी लिंग बांधते, पण घाईच्या दिवशी चहा आधी होतो. अव्वाचं तसं नव्हतं. तिचं लिंग लहानपणापासूनचं, मळकट पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, दोऱ्यानं गळ्यात. अय्यांच्या वडिलांनी बांधलेलं.

त्या सोमवारी संध्याकाळी वारं सुटलं आणि भालकीच्या बाजूनं काळं आलं. सोयाबीनचा ढीग उघडा होता. मी घरात जाऊन म्हातारीला हाताला धरून खळ्यावर आणलं, कारण ताडपत्रीचं चौथं टोक धरायला माणूस नव्हतं. वाऱ्यानं ताडपत्री तिच्या अंगावर आपटली. आम्ही चौघांनी दगड ठेवले, ढीग वाचला, पाऊस चार थेंब टाकून गेला. सकाळी अंघोळीच्या वेळी तिला कळलं की गळ्यात दोरा नाही.

आम्ही खळं झाडलं, ढिगाच्या कडा उपसल्या, भुसकट चाळलं. मालक म्हणाले, ढीग सगळा उलटू. मी म्हणाले, यंत्र दारात उभंय, आज सोडलं तर आठ दिवस मिळणार नाही. यंत्र चाललं. दाणे पोत्यात, भुसकट बाजूला, धूळ सगळ्यांच्या डोळ्यांत. ते लिंग पोत्यातून अडतीवर गेलं की भुसकटातून जनावरांपुढं, कुणास ठाऊक. अव्वा ओसरीवर बसून होती. रडत नव्हती, कुणाला बोलत नव्हती. दुपारपर्यंत तिचे ओठ पांढरे झाले. तिला साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर तिनं हातानं लांब केला, जसा आपण पाहुण्याघरी दुसऱ्यांदा वाढायला आलेला हात लांब करतो तसा, अगदी साधेपणानं. "अय्यांस्नी बोलव जा," म्हणाली.

मी स्कूटी काढली. अय्यांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, दोन खोल्या आणि एक पारिजात. ते अंगणात बाजेचा सुंभ आवळत बसले होते. मी सांगितलं. ते लगेच उठले, आत जाऊन सदरा घातला, झोळी घेतली. उंबऱ्यापर्यंत आले आणि परत बाजेवर बसले.

"अक्का, मी येतो खरं. पर बांधताना कानात मंत्र सांगावा लागतोय."

"मग सांगा की."

"आठ दिस झालं, पूजेला बसलं की तुमचं इचारणं येतंय. हे कुणी सांगितलं. मी मागं मागं जाऊन बघायलाव. बापाच्या फुढं मला कोणच दिसंना."

"अय्या, ते गमतीत होतं. सिनेमातलं होतं ते."

"व्हय. मी बी हसलो की. राग न्हाई आला मला."

"मग चला."

"ज्याला इचारलं तर सांगता येईना, त्यानं दुसऱ्याच्या कानात काय म्हणून सांगायचं?"

मला घाई होती. घरी म्हातारी तहानलेली, खळ्यावर यंत्र, आणि हा माणूस सुंभ हातात धरून बसलेला. मी म्हणाले, "ते नंतर बघू. आधी तिच्या पोटात पाणी जाऊ द्या. काय सांगायचं ते सांगा, तिला थोडंच कळतंय?"

अय्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिला समदं कळतंय," म्हणाले. आणि मग, "खोटं बोलून पाणी पाजू व्हय?"

मी एका सिनेमाच्या जोरावर या माणसाला आठ दिवसांपूर्वी हसले होते, आणि आता त्याच माणसाला पूजा करा म्हणून झापत होते. तेव्हा मला हे जाणवलं नाही. तेव्हा फक्त राग आला. मी स्कूटी वळवली.

दुपारी तीनच्या सुमाराला जीप करून आम्ही अव्वाला तालुक्यापलीकडच्या एका मोठ्या मठात नेलं. तिथं त्या दिवशी कसला तरी सोहळा होता. मंडप, कर्णे, गाड्या. दारात चपला घेऊन मला पत्र्याचा बिल्ला दिला. बिल्ला हातात घेऊन मी उभी राहिले आणि सिनेमा आठवला. हसू यायला हवं होतं. अव्वा माझ्या खांद्यावर भार टाकून उभी होती आणि रांग हलत नव्हती. आत एक तरुण स्वामी होते. ते वाईट वागले नाहीत. त्यांनी अव्वाला पुढं घेतलं, भस्म लावलं, नवं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं, कानाशी वाकले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तिथं मी दोन्ही हात जोडून उभी होते.

जीपमध्ये बसून अव्वानं माझ्या बाटलीतलं सगळं पाणी एका दमात घेतलं. मग म्हणाली, "अय्या कामून आले न्हाईत?"

"ताप आलाय त्यांस्नी," मी म्हणाले.

अय्यांनी त्यानंतर सगळ्या गावातच भिक्षा बंद केली. लोक म्हणाले, डोळे गेले, वय झालं. त्या हिवाळ्यात त्यांची लेक येऊन त्यांना भालकीच्या वाटेवरच्या मेहकरला घेऊन गेली. भालकीला जाताना मेहकरच्या फाट्यावरून मी कितीदा तरी गेले असेन. खत, बियाणं, बँक, दवाखाना. दर वेळी कुठं तरी वेळेवर पोचायचं असायचं. दोन वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. मालक मातीला गेले. मी तुरीची मळणी आहे म्हणून राहिले. मळणी दुसऱ्या दिवशी होती.

सिनेमातला तो माणूस मला पुष्कळदा आठवतो. तो विचारायचा कारण त्याला माहीत नव्हतं. मी विचारलं कारण मला माहीत होतं. अय्यांना सांगता येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, त्यातच तर गंमत होती. मठातल्या स्वामींना सांगता आलं असतं की नाही, मला माहीत नाही, म्हणून मी गप्प बसले. आमचा पंथ ज्यांनी उभा केला त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी इथून जवळच, कल्याणात, असेच प्रश्न विचारले होते. पण ते सिंहासनाजवळ बसलेल्यांना विचारले होते. रिकामी झोळी घेऊन खळ्यावर आलेल्या माणसाला नाही.

आता कापणीला यंत्र येतं. मोठं, बसून चालवायचं. सकाळी कापलं की दुपारी दाणे पोत्यात. ओळीत बसून सिनेमा सांगायला कुणी नाही. गंगूची सून हैदराबादला बांधकामावर आहे. कपाळाला लावायचं भस्म गावात आता एका दुकानात पुडीत मिळतं.

यंदा कापणीच्या मधल्या रविवारी पाऊस लागला. यंत्र बांधावर उभं राहिलं आणि मी घरात अडकले. टीव्हीवर तोच सिनेमा लागला होता. मी बंद करणार होते, पण अव्वा जागी होती. ती आता ऐंशीच्या पुढं आहे. तिला आपली दखनी कळते, सिनेमातली भरभर हिंदी कळत नाही.

"हे काय म्हणायलाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. जहाज, वादळ, चपला. चपलांपुढं तो हात जोडतो तिथं ती हसायला लागली. दात नसलेलं हसू, खांदे हलवत. मग ते पुजाऱ्याचं, मोठ्या पुजाऱ्याचं आलं, तसं तिनं डोळ्यांना पदर लावला. "कुणी सांगितलं म्हणायलाय व्हय? बरं इचारायलाय की." मीही हसले. मला आताही त्याच ठिकाणी हसू येतं.

"अय्यांस्नी दाखवाया पायजे होतं," ती म्हणाली. "पोट धरून हसले असते."

मी टीव्हीचा आवाज कमी केला. इतकी वर्षं मी हे सांगितलं नव्हतं, मालकांनासुद्धा नाही.

"अव्वा, हेच मी त्यांस्नी इचारलं होतं. खळ्यावर, बायांच्या म्होरं. म्हणून ते येईनासे झाले. ताप न्हवता त्यांस्नी."

तिनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, फुढं मला ठाऊक न्हाई."

"असं म्हणाले?"

"व्हय."

"आन माझं लिंग गेलं तवा?"

"तवा म्हणाले, ठाऊक न्हाई तर कानात काय सांगू."

पडद्यावर ते मोठे बाबा आले होते. आवाज बारीक होता, पण त्यांचं तोंड आणि हात चालू होते. एक संपलं की दुसरं. अव्वा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"ह्या बाबाला समदंच ठाऊक हाय बघ," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "आन आपल्याकडं ठाऊक न्हाई म्हणणारे अय्या एकटेच होते. त्यांस्नी जाऊ कामून दिलंस?"